रेणू जागा घेरतात, घेतात की व्यापतात?

माटुंग्याच्या एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न आहे : “मुलं ‘वायूचे रेणू जास्त जागा घेरतात’ असं लिहितात. ‘घेरतात’ कानाला खटकतं. मग ‘घेतात’ म्हणावं की ‘व्यापतात’? आणि आकारमान म्हणावं की घनफळ?”

‘घेरतात’ खटकतं ते बरोबरच आहे. हिंदीत ‘स्थान घेरना’ हा रुळलेला प्रयोग आहे, आणि मुंबईतली मुलं अभ्यासाचे हिंदी व्हिडिओ भरपूर बघतात. मराठीत मात्र घेरायला मधे कुणीतरी सापडावं लागतं. किल्ला घेरतात, मंत्र्याला घेरतात. रेणू कशाच्या भोवती जमलेले नसतात.

याच वाटेनं आणखी एक गोंधळ वर्गात शिरतो, आणि तो जास्त घातक आहे. आपला अणू म्हणजे हिंदीतला परमाणु, आणि हिंदीतला अणु म्हणजे आपला रेणू. तुर्भ्याच्या एकाच संस्थेला मराठीत ‘भाभा अणुसंशोधन केंद्र’ आणि हिंदीत ‘भाभा परमाणु अनुसंधान केंद्र’ म्हणतात ते यामुळेच. हिंदी व्हिडिओत ‘पानी का अणु’ ऐकून आलेलं मूल मराठी पेपरात ‘पाण्याचा अणू’ लिहितं आणि गुण गमावतं. त्याला हा फरक आधीच सांगून ठेवायला हवा.

आता ‘घेतात’. ‘जागा घेणे’ हे शुद्ध, रोजचं मराठी आहे. अडचण क्रियापदात नाही, कर्त्यात आहे. ‘हे कपाट जास्त जागा घेतं’ म्हटलं की आपण कपाट मोठं आहे असं समजतो. मग ‘वायूचे रेणू जास्त जागा घेतात’ यातून मुलानं काय समजावं? पाण्याची वाफ झाली की रेणू फुगतात, हेच. हा गैरसमज मुलांमध्ये सर्रास आढळतो, आणि माझ्या मते तो पक्का करण्यात अशा वाक्यांचा मोठा हात आहे.

आकडेच पाहू. १८ ग्रॅम पाण्यात सुमारे ६ वर २३ शून्यं इतके रेणू असतात आणि ते पाणी १८ मिलिलिटर भरतं. तेच पाणी नेहमीच्या हवेच्या दाबाला, १०० अंश सेल्सियसला वाफ झालं की साधारण ३० लिटर होतं, म्हणजे दीड हजार पटींहून जास्त. रेणू तेवढेच, प्रत्येक रेणूही होता तेवढाच. वाढलं ते मधलं अंतर, आणि तेही सरासरी बारापटच. लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही दिशांना बारापट म्हटल्यावर गुणाकार सतराशेच्या घरात जातो. हा बाराचा आकडा मुलांना जरूर सांगावा. त्यानं चित्र एकदम डोळ्यांपुढे उभं राहतं.

म्हणून माझं उत्तर असं : वायू जागा व्यापतो. रेणू नव्हे, वायू. ‘व्यापणे’ म्हणजे सगळीकडे पोचणे. काळजी मन व्यापते, ढग आभाळ व्यापतात. मधे तसूभरही फट उरली नाही असा दावा हे क्रियापद करत नाही, तो दावा ‘ठासून भरणे’ करतं. भांड्याच्या कानाकोपऱ्यात वायू आहे आणि तरीही भांडं बहुतांशी रिकामं आहे, या दोन्ही गोष्टी एका शब्दात मावतात. मला तरी याहून नेमका शब्द सुचत नाही.

मग रेणूंनी काय करायचं? त्यांनी जागा अडवायची. डच शास्त्रज्ञ व्हान डर वाल्स यांनी १८७३ मध्ये वायूच्या समीकरणात एक दुरुस्ती केली : रेणूंना स्वतःचं आकारमान असतं, तेव्हा हिंडायला उरलेली जागा भांड्याच्या आकारमानापेक्षा थोडी कमी धरली पाहिजे. गंमत अशी की वजा करायची ही जागा रेणूंच्या स्वतःच्या आकारमानाच्या चौपट येते, कारण दोन गोल रेणूंचे मध्यबिंदू एका व्यासापेक्षा जवळ येऊच शकत नाहीत. रुमाल टाकून धरलेल्या सीटसारखं आहे हे : रुमाल वीतभर, पण अडते अख्खी सीट. या कामासाठी व्हान डर वाल्स यांना १९१० चं नोबेल मिळालं. ‘अडवणे’ हे क्रियापद पाठ्यपुस्तकी वाटत नसेल, पण ती दुरुस्ती मराठीत सांगायची तर मी तेच वापरेन.

स्थायू आणि द्रव यांच्याबाबतीत हा पेच फारसा येत नाही. तिथे कण एकमेकांना जवळजवळ खेटूनच असतात, त्यामुळे पदार्थाची जागा आणि कणांनी अडवलेली जागा यांत वायूइतकी तफावत नसते. सुई काढलेल्या सिरिंजचं तोंड बोटानं दाबून दट्ट्या रेटला की आतली हवा दबते, पण पाणी भरलेलं असेल तर दट्ट्या हलत नाही. स्थायूत कण आपापली जागा धरून थरथरतात, द्रवात ते खेटून राहूनही जागा बदलतात. आपल्या संज्ञांनी हे आधीच सांगून ठेवलं आहे. स्थायूत ‘स्था’ आहे, थांबणं. द्रवात ‘द्रु’, धावणं. वायूत ‘वा’, वाऱ्याचं वाहणं. ही तीन संस्कृत क्रियापदं फळ्यावर लिहिली की अवस्थांमधला फरक निम्मा शिकवून झाला.

इथे मी मुद्दाम ‘कण’ म्हटलं. तांब्यात आणि मिठात रेणू नसतात. एकात अणू रचलेले असतात, दुसऱ्यात आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण. ‘स्थायूचे रेणू’ हे सरसकट विधान तेवढ्यापुरतं टाळावं.

आणि ‘स्थायूत कण सर्वांत जवळ’ हेही सरसकट नको. बर्फात पाण्याचा प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना विशिष्ट कोनांत धरून असतो, त्यामुळे रचना पोकळ राहते. तेच १८ ग्रॅम पाणी गोठलं की साडेएकोणीस मिलिलिटरच्या वर जातं. ससून डॉकवर फोडल्या जाणाऱ्या बर्फाच्या लादीचं पाणी झालं की ते लादीपेक्षा कमी जागेत मावतं. पाणी हा अपवादांपैकी एक, पण मुलांच्या रोजच्या ओळखीचा स्थायू नेमका हाच.

राहिलं आकारमान की घनफळ. विज्ञानात आकारमान, गणितात घनफळ अशी वाटणी पुस्तकांनी केली आहे आणि ती पाळावी. घनफळ म्हणजे मुळात लांबी-रुंदी-उंचीच्या गुणाकाराचं फळ, म्हणून पेटीला आणि टाकीला ते शोभतं. वायूला स्वतःचा आकारच नसताना ‘आकारमान’ म्हणणं विचित्र वाटतं हे खरं, पण वायूचं आकारमान म्हणजे तो ज्या भांड्यात आहे त्याचं आकारमान, एवढं वाक्य सोबत दिलं की काम भागतं.