सूरसंवाद : टाउन्स व्हॅन झँट कुठून ऐकायला घ्यावा?

मागच्या अंकात टेक्ससचा गायक-गीतकार टाउन्स व्हॅन झँट आणि त्याचं 'पांचो अँड लेफ्टी' यांवर मी थोडं लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं इथे घेते आहे.

ताई, तुमचं वाचून मी त्याचा १९६८चा पहिला अल्बम लावला. मागे कोरस काय, हार्पसिकॉर्ड काय, आवाज तर विहिरीतून आल्यासारखा. दोन गाण्यांत बंद केला. माझा कान कमी पडतोय की मी चुकीच्या ठिकाणी सुरुवात केली? — अ. दे., ह्यूस्टन (मूळचा कोल्हापूरचा)

तुमच्या कानात काहीच दोष नाही. 'फॉर द सेक ऑफ द साँग' हा तो अल्बम कंट्री संगीताचं माहेर असलेल्या नॅशव्हिलमध्ये झाला आणि तिथल्या तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे गाण्यांवर साज चढवला गेला. टाउन्सला स्वतःलाच तो रुचला नव्हता. म्हणून त्यातली बरीच गाणी त्याने पुढच्या दोन अल्बममध्ये पुन्हा गायली. 'टेकमसे व्हॅली' १९६९च्या 'अवर मदर द माउंटन'मध्ये सापडेल. त्याच वर्षी त्याच्या नुसत्या नावाने निघालेल्या अल्बममध्ये 'वेटिंग अराउंड टु डाय', 'मारिया' आणि पहिल्या अल्बमचं शीर्षकगीत नव्याने आहे. दोन्ही रूपं लागोपाठ ऐका. शब्द तेच, चाल तीच, पण दुसऱ्यात माणूस समोर येऊन बसतो.

खरी सुरुवात मात्र मी तुम्हाला 'लाइव्ह अ‍ॅट द ओल्ड क्वार्टर'ने करायला सांगेन, आणि ती तर तुमच्याच गावची! ओल्ड क्वार्टर हा ह्यूस्टनच्या डाउनटाउनमध्ये काँग्रेस आणि ऑस्टिन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा छोटासा बार होता. जुलै १९७३मध्ये तिथे ध्वनिमुद्रण झालं आणि १९७७ साली दोन तबकड्यांत निघालं. टेक्ससचा जुलै तुम्हाला वेगळा सांगायला नको. लोक खचाखच भरलेले, गिटार एक, माणूस एक. ग्लास वाजतात, कुणी खोकतं. मध्येच तो एखादा फालतू विनोद सांगतो, लोक हसतात आणि हसू विरायच्या आत पुढच्या गाण्याची गिटार सुरू होते. स्टुडिओत पाच वर्षांत जे झाकलं गेलं होतं, ते इथे उघडं आहे.

आणि हा माणूस फक्त रडका नाही, हेही इथेच कळतं. 'मिस्टर मड अँड मिस्टर गोल्ड' ऐका. दोन जुगारी पत्ते खेळतायत, पण गोष्टीत पत्तेही जिवंत आहेत. राजा, राणी, गुलाम, सगळे आपापला डाव लढवतायत. यमकं इतकी दाट आणि चाल इतकी पळती, की श्वास घ्यायला जागा नाही. एवढी गुंतागुंत एका गिटारीवर न अडखळता पेलायची, तर हात आणि डोकं दोन्ही ताब्यात हवीत. हे लक्षात ठेवा, पुढच्या पत्रात लागणार आहे.

ओल्ड क्वार्टर पचला की 'हाय, लो अँड इन बिट्वीन' आणि 'द लेट ग्रेट टाउन्स व्हॅन झँट' घ्या, दोन्ही १९७२च्या आसपासचे. मग १९७८चा 'फ्लाइंग शूज'. १९९४चा 'नो डीपर ब्लू' अगदी शेवटी. त्यात आवाज फार थकलेला आहे आणि आधीचा आवाज ओळखीचा झाल्याशिवाय तो ऐकू नये. पण त्यातलं 'मारी' सोडू नका. बेघर जोडपं, बाई गरोदर, काम कुठेच नाही. सांगणारा कुठेही गळा काढत नाही, एकामागून एक काय झालं तेवढं सांगत जातो. ऐकणाऱ्याला मात्र बसवत नाही.

जमलं तर गॅल्व्हस्टनलाही जाऊन या. ओल्ड क्वार्टर चालवणाऱ्यांपैकी एक, टाउन्सचा बेसवादक रेक्स बेल ('रेक्सेस ब्लूज'मधला रेक्स तो हाच), याने पुढे तिथे त्याच नावाचा गाण्याचा अड्डा सुरू केला.

माझ्या धाकट्या भावाला दोन वर्षांपूर्वी बायपोलरचं निदान झालं. तो गिटार वाजवतो, स्वतःची गाणी करतो, चांगली करतो. गोळ्या घेतल्या तर गाणी सुचणार नाहीत म्हणतो आणि तुमच्या या टाउन्सचं उदाहरण तोंडावर फेकतो. मी त्याला काय सांगू? — नाव छापू नये ही विनंती, नाशिक

तुमचं पत्र मी बरेच दिवस जवळ ठेवलं होतं. औषधांचं आधी बोलते, कारण त्यात मला सल्ला देण्याचा अधिकार नाही. गोळ्यांनी सुस्ती येत असेल, हात जड होत असतील, तर ते जसंच्या तसं डॉक्टरांच्या कानावर घाला. मात्रा बदलता येते, औषधही बदलता येतं. आपल्या मनाने बंद करणं धोक्याचं आहे. भावाबरोबर तुम्हीही जा.

आता टाउन्सचं. भाऊ त्याचा दाखला देत असेल तर सगळा हिशोब मांडायला लावा.

टाउन्स १९४४ साली फोर्ट वर्थला सुखवस्तू घरात जन्मला. टेक्ससमधल्या एका परगण्याला त्याच्या घराण्याचं नाव आहे. कोलोरॅडोला शिकत असताना त्याचं वागणं बघून आईवडील घाबरले आणि त्याला परत घेऊन आले. १९६४मध्ये गॅल्व्हस्टनच्या रुग्णालयात उन्माद-नैराश्याचं, म्हणजे आजच्या भाषेत बायपोलरचं, निदान झालं. उपचार म्हणून इन्शुलिनचे झटके. इन्शुलिन टोचून रक्तातली साखर इतकी उतरवायची की माणूस बेशुद्ध पडतो, मग शुद्धीवर आणायचं, आणि हे पुन्हा पुन्हा करायचं. त्यात त्याच्या बालपणीच्या बहुतेक आठवणी पुसल्या गेल्या. ही पद्धत पुढे बंदच झाली. तुमच्या भावाला आज मिळतात त्या उपचारांशी तिची तुलना होऊच शकत नाही.

पुढे दारू आली, हेरॉइन आलं. आणि गाणी? १९६८ ते १९७२ या काळात स्टुडिओतले सहा अल्बम. त्यानंतर १९७८ला एक, १९८७ला एक, १९९४ला एक. मधल्या रिकाम्या वर्षांकडे बोट दाखवा. १९७४मध्ये केलेलं एक अख्खं ध्वनिमुद्रण स्टुडिओचे पैसे न भरल्यामुळे अडकलं आणि १९९३ साली 'द नॅशव्हिल सेशन्स' म्हणून बाहेर आलं. ते ऐकलं की कळतं, 'फ्लाइंग शूज'मधली बरीच गाणी आधीच तयार होती. म्हणजे नशा वाढत गेली तशी नवी गाणी आटत गेली. आजाराने गाणी दिली असती तर शेवटच्या वर्षांत त्यांचा पूर यायला हवा होता. १ जानेवारी १९९७ला तो गेला तेव्हा अवघा ५२ वर्षांचा होता.

आणखी एक गोष्ट भावाला सांगा, कारण तो स्वतः गाणी करतो. 'वेटिंग अराउंड टु डाय' हे टाउन्सचं पहिलं गंभीर गाणं. त्यात आईला मारणारा बाप आहे, पळून जाणं आहे, चोरी आहे, मस्कोगीचा तुरुंग आहे आणि शेवटी एकदाचा भेटलेला मित्र. त्या मित्राचं नाव कोडीन, म्हणजे अफूच्या जातीचं, नशा आणणारं औषध. हे त्याने विशी उलटताच लिहिलं, नवं लग्न झालेलं असताना, ह्यूस्टनच्या घरातल्या कपड्यांच्या कोठीत बसून. तसला बाप किंवा तसला तुरुंग त्याच्या वाट्याला आलेला नव्हता. एक मुलगा दार लावून बसला आणि दुसऱ्या कुणाचं आयुष्य कडव्यामागून कडवं रचत गेला. 'मिस्टर मड अँड मिस्टर गोल्ड'सारखीच ही कारागिरी आहे, आणि ती शांत डोक्याने होते.

'हार्टवर्न हायवेज' या माहितीपटात हेच गाणं तो ऑस्टिनमध्ये एका स्वयंपाकघरात बसून गातो. शेजारी सेमूर वॉशिंग्टन नावाचे वृद्ध लोहार बसलेत, त्यांना सगळे अंकल म्हणतात. गाता गाता त्यांच्या गालांवरून पाणी ओघळायला लागतं. टाउन्स थांबत नाही, लय सोडत नाही, एक स्वर इकडचा तिकडे होत नाही. भावाबरोबर बसून हे बघा आणि त्याला गाणाऱ्याच्या बोटांकडे बघायला सांगा.

त्याची गाणी मला पाठवलीत तर मी मनापासून ऐकेन.

'पांचो अँड लेफ्टी'त नेमकं घडतं काय? लेफ्टीने दगा दिला का? आणि कुणाचं गायलेलं ऐकावं? — सौ. कुलकर्णी, बेळगाव

गाणं ते सांगत नाही, आणि सगळी ताकद त्यातच आहे. पांचो हा डाकू मेक्सिकोच्या वाळवंटात मरतो. त्याच दिवशी लेफ्टी ओहायोला निघून जातो. प्रवासाला पैसे कुठून आले, कुणालाच ठाऊक नाही. बस्, एवढंच! पुढे लेफ्टी क्लीव्हलंडच्या स्वस्त हॉटेलात म्हातारा होतो. मेक्सिकोचे पोलीस म्हणत राहतात की आम्ही पांचोला केव्हाही धरलं असतं, दया आली म्हणून सोडला. माझ्या मते लेफ्टीनेच दगा दिला. तरी गाणं पांचोसाठी प्रार्थना करताना थोडी त्याच्यासाठीही राखून ठेवायला सांगतं.

गायिका एमिलू हॅरिसने ते १९७७च्या सुमारास गायलं, फार नितळ. १९८३मध्ये विली नेल्सन आणि मर्ल हॅगार्ड या कंट्री गायकांच्या आवाजात ते कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. गंमत अशी, की विलीने ऐन रात्री बसमध्ये झोपलेल्या मर्लला उठवून गायला उभं केलं होतं. मर्ल गाण्यात बऱ्याच उशिरा येतो. त्याचा तो जड आवाज ऐका, लेफ्टीच्या म्हातारपणाला इतका शोभणारा आवाज दुसऱ्या कुणाचा मी ऐकलेला नाही. पण आधी टाउन्सचा ओल्ड क्वार्टरमधला. ओल्ड क्वार्टरच्या तबकडीवर तो पहिलंच गाणं म्हणून हेच गातो.