पाच पेडलं, दहा हजार रुपये आणि यात्रेतली लाइट: पॉवरसकट पेडलबोर्ड कोणता घ्यावा?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: राहायला खानापूर तालुक्यात, गावोगावच्या यात्रांना ऑर्केस्ट्रात आणि रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवता. ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह, कोरस, डिले आणि रिव्हर्ब अशी पाच पेडलं, म्हणजे गिटार आणि अँपच्या मधे लावायचे, पायानं दाबायचे डबे, जमलीत. ती पॉवरसकट एका बोर्डावर बसवायची आहेत आणि बजेट दहा हजार. मग ‘पॉवर्ड’ असं लिहिलेला तयार बोर्ड घ्यावा का?

माझ्या मते नको. पैसे पॉवर सप्लायवर घाला आणि बोर्ड गावातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्याकडून करून घ्या. मी बेळगावचा, वाजवतोही आणि आसपासच्या पोरांचे बोर्ड जोडून द्यायचा नादही आहे, तेव्हा उत्तर जरा लांबणार.

स्वस्तातल्या तयार पॉवर्ड बोर्डात काय असतं बघा. एक पाटी, ९ व्होल्टचा एकच अ‍ॅडॉप्टर आणि त्या एकाच लाइनीतून काढलेल्या सहा-सात पिना. बॉसचा बीसीबी-६० आणि बेहरिंगरचा पीबी६०० ही या जातीतली ओळखीची नावं. बोर्ड म्हणून त्यांत खोट काही नाही, पेटी बंद केली की उचलून चालू पडता येतं. पण पॉवरच्या दृष्टीनं ती डेझी चेनच झाली, म्हणजे एका अ‍ॅडॉप्टरवरून सगळ्या पेडलांना पॉवर देणारी माळेसारखी वायर, आणि सुटी डेझी चेन त्यापेक्षा कितीतरी स्वस्त मिळते. म्हणजे जास्तीचे पैसे तुम्ही पाटीचे आणि पेटीचे देता.

आता तुमचा हिशोब करू. बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट डीसी लागतात आणि पिनेच्या मध्ये मायनस असतो. किती मिलिअँपिअर लागतात ते पेडलच्या बुडाला किंवा मॅन्युअलच्या शेवटी छापलेलं असतं. ट्यूनर ३०च्या आसपास धरा. साधा अ‍ॅनालॉग ओव्हरड्राइव्ह १०च्या आतबाहेर. कोरस २०. डिजिटल डिले ७०, रिव्हर्ब १००. बेरीज झाली २३०. ट्रूटोनचा वन स्पॉट नावाचा एकटा अ‍ॅडॉप्टर १७०० मिलिअँपिअर देतो, म्हणजे तुमच्यासारखे दोन-चार वादक त्याच्यावर आरामात वाजवतील. दुकानदार ‘किती अँपिअरचा’ हा आकडा पुढे करून माल खपवतात. तुमच्या पाच पेडलांना त्या आकड्याची चिंताच नाही. आकडा जास्त असला तरी पेडल जळत नाही, ते लागेल तेवढाच करंट ओढतं. जळतं ते चुकीच्या व्होल्टेजनं आणि उलट्या पिनेनं.

खरी अडचण आवाजाची. डिले आणि रिव्हर्ब ही डिजिटल पेडलं, त्यांच्या पोटात प्रोसेसर असतो आणि तो करंट सलग न ओढता झटक्याझटक्यानं ओढतो. वाड्यात सगळे नळ एकाच मोटारीवर असले की एकानं बादली लावल्याबरोबर दुसऱ्याची धार लचकते, तसंच एका लाइनीवरच्या पेडलांचं होतं. तो झटका ओव्हरड्राइव्हपर्यंत पोचतो, ओव्हरड्राइव्ह त्याला मोठा करतो आणि स्पीकरमधून बारीक ‘कुंई’ सुरू होते. शिवाय पॅच केबलमधून, म्हणजे एका पेडलचा आवाज दुसऱ्यात नेणाऱ्या छोट्या वायरीतून, पेडलांचे ग्राउंड आधीच जोडलेले असतात, पॉवरच्या वायरीतून ते दुसऱ्यांदा जोडले जातात. अशा लूपमध्ये जाड ‘घूं’ शिरायला वाट मिळते. आयसोलेटेड सप्लायमध्ये प्रत्येक आउटपुट आतून दुसऱ्यापासून पूर्ण तुटलेला असतो, म्हणून हे दोन्ही आवाज येत नाहीत. पैसे मोजायचे ते एवढ्यासाठी.

तरी खरेदीच्या आधी एक फुकटची तपासणी करा. ओव्हरड्राइव्हमध्ये ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी घाला, त्याची पॉवरची पिन काढा, बाकीची पेडलं आहेत तशीच ठेवा. कुंई गेली तर दोष सप्लायचा. नाही गेली आणि गिटार हातात घेऊन तुम्ही फिरलात की आवाज कमीजास्त होतो, तर तो गिटारच्याच सिंगल कॉइल पिकअपचा (तारांखालच्या एका वेटोळ्याच्या चुंबकाचा) हम आहे. त्याला कितीही महागाचा सप्लाय घातलात तरी तो जाणार नाही.

दोष सप्लायचाच निघाला तर सगळ्यात स्वस्त उपाय दोन अ‍ॅडॉप्टरांचा. ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह आणि कोरस एका डेझी चेनवर, डिले आणि रिव्हर्ब दुसऱ्या अ‍ॅडॉप्टरवर. दोन वेगळे अ‍ॅडॉप्टर म्हणजे दोन आयसोलेटेड आउटपुटच की. डिले-रिव्हर्ब आपापसात कुरबुरले तर तिसरा अ‍ॅडॉप्टर. बोर्डाखाली एक छोटा एक्स्टेंशन बोर्ड बांधावा लागतो आणि वजन वाढतं, पण दहा हजारांतले निम्म्याहून जास्त वाचतात. चर्चमध्ये, जिथं सगळं एका जागी ठेवून वाजवायचं असतं, तिथं हे पुरतं. यात्रेत मात्र वायरींचा गुंता कोणाच्या तरी पायात येणार हे धरून चाला.

थेट आयसोलेटेडच घेणार असाल तर खोक्यावरच्या शब्दाला भुलू नका. ‘प्रत्येक आउटपुटला शॉर्ट सर्किट प्रोटेक्शन’ वेगळं आणि आयसोलेशन वेगळं, पहिलं असलं म्हणून दुसरं असतंच असं नाही. पडताळायला मल्टीमीटर पुरतो. सप्लायला काही जोडलेलं नको, भिंतीतला प्लगही काढा, मीटर बीपवर ठेवा. एका आउटपुटच्या मधल्या पिनेला एक टोक आणि दुसऱ्या आउटपुटच्या मधल्या पिनेला दुसरं टोक लावा. बीप वाजली तर दोघांचा मायनस एकच, म्हणजे तुम्ही महागडी डेझी चेन घेतलीत. परत पाठवायची मुदत असेल तोवरच हे करून घ्या. तुम्हाला सहा आउटपुट भरपूर झाले, त्यातले निदान दोन २०० मिलिअँपिअरच्या वरचे असावेत. उद्या लूपर (वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून परत परत वाजवणारं पेडल) आला तर त्याची सोय होते.

आणखी एक गोष्ट बघा, ती शहरातले लोक बघत नाहीत. सप्लायच्या लेबलवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं आहे का? महालक्ष्मी यात्रेत स्टेज जनरेटरवर असतं, लाइटवाल्यानं हॅलोजन पेटवले की व्होल्टेज खाली बसतं. १०० ते २४० वाल्याला त्याचं काही वाटत नाही. जुन्या पद्धतीचे ट्रान्सफॉर्मरवाले सप्लाय आवाजाला शांत असतात, पण पडलेल्या व्होल्टेजला आणि स्वस्त इन्व्हर्टरच्या चौकोनी लहरीला कुरकुरतात, गरम होतात, स्वतःच गुणगुणायला लागतात. आपल्याकडच्या लाइटला पहिला प्रकार बरा.

स्टेजवर गेल्यावर पॉवर साउंडवाल्याच्या बोर्डातून मागा, लाइटवाल्याच्या नको. डिमरच्या लाइनीतली खरखर गिटारमध्ये आली की आयसोलेटेड सप्लायही काही करू शकत नाही. आणि अर्थिंग. मांडवात तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन काढून किंवा दोन पिनांचा जोड लावून ‘आता हम गेला बघा’ म्हणणारा कोणीतरी असतोच. त्याचं ऐकू नका. अँपला अर्थ नसला तर त्यात उतरलेला करंट गिटारच्या तारांत येतो, आणि तुम्ही गायला माइकला ओठ लावलात की झटका ओठाला. यात माणसं दगावलेली आहेत. सॉकेटचं अर्थिंग दाखवणारा छोटा टेस्टर प्लग इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. तो गिटारच्या बॅगेतच असू द्या, अगदी दहा हजारांच्या बाहेर गेला तरी.

आता बोर्ड. बॉसच्या मापाचं पेडल ७३ मिलिमीटर रुंद आणि १२९ मिलिमीटर खोल असतं. पुढच्या ओळीत तीन, मागच्या ओळीत दोन ठेवा, दोन पेडलांत पॅच केबलच्या चपट्या जॅकसाठी ३ सेंटीमीटर सोडा. पुढची ओळ २८ सेंटीमीटरची होते, दोन्ही ओळी मिळून खोली ३० धरा. म्हणजे ४५ बाय ३० सेंटीमीटरचा बोर्ड पुरतो, एखाद्या नव्या पेडलला जागाही उरते. खानापूरच्या बसमध्ये मांडीवर घेता येईल एवढाच झाला. चपटे जॅक घ्याच, सरळ जॅक लावले तर हाच बोर्ड हातभर वाढतो.

अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या-पार्टिशन करणाऱ्याकडे २५ मिलिमीटरच्या चौकोनी पाइपचे उरलेले तुकडे पडलेले असतात. ४५ सेंटीमीटरचे चार आडवे, दोन बाजूंना दोन, सगळं रिव्हेट मारून. माल किलो-सव्वा किलोच्या आसपास लागतो. आडव्या पट्ट्यांत फट राहते, तिच्यातून वायरी खाली जातात आणि सप्लाय खालून बांधता येतो. मागची बाजू उंच करून घ्या, पण आधी सप्लायची जाडी मोजा आणि मग पायाची उंची सांगा, उलट क्रमानं गेलात तर परत त्याच्याकडे फेरी. कोपरे कानशीनं घासून घ्यायला सांगा. उद्यमबागेत लोखंडी फ्रेम पावडर कोटिंग करून फार देखणी होते, माझ्या ओळखीच्या काहींनी तशा केल्यात, पण ती उचलणारे तुम्ही आहात हे विसरू नका. प्लायवूड करायचंच असेल तर आयएस ७१० छापलेलं मरीन प्लाय घ्या, खानापूरच्या पावसात साधं प्लाय फुगून कडा सोडतं.

पेडलं चिकटवायला वेल्क्रो: खरखरीत बाजू बोर्डाला, मऊ बाजू पेडलला. पण उन्हात डिंक पातळ होतो आणि यात्रेच्या मैदानातली लाल माती वेल्क्रोत बसली की पकड सुटते. त्यावर माझा आवडता इलाज सायकलच्या दुकानात आहे. जुन्या चेनचे सुटे दुवे मागून घ्या. पेडलच्या बुडाचा स्क्रू काढून दुव्याच्या एका भोकातून परत बसवायचा आणि दुसऱ्या भोकातून बोर्डात स्क्रू मारायचा. पेडल हलत नाही आणि रबरी बूडही खरवडावं लागत नाही. तेवढं आधी चेनचं ग्रीस रॉकेलनं धुऊन काढा.

मांडणीत एकच सांगतो. आपल्या ऑर्केस्ट्रात कन्नड गाणं संपतं न संपतं तोच लावणी सुरू होते आणि तिच्या पाठीवर हिंदी. मधे बघायला वेळ नसतो. जी दोन पेडलं गाण्यागणिक दाबता ती पुढच्या ओळीच्या दोन टोकांना ठेवा, अंधारातही पाय बरोबर पडतो. सिग्नलचा क्रम पॅच केबलनं सांभाळता येतो, पेडलं त्याच क्रमानं शेजारी असायची गरज नाही.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. वायफाय राउटर आणि सीसीटीव्हीच्या अ‍ॅडॉप्टरची पिन पेडलमध्ये अगदी घट्ट बसते, पण तो सहसा १२ व्होल्टचा असतो आणि मध्ये प्लस. गर्दीत कोणीतरी ‘हा घे की’ म्हणून हातात देतं. लेबलावरचं चित्र बघितल्याशिवाय लावू नका. तसाच जुना, जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा फझ (आवाज फाडणारं पेडल) कधी घेतलात तर त्यातल्या काहींचं ग्राउंड उलटं असतं. तो डेझी चेनवर इतरांबरोबर लावला की सप्लाय शॉर्ट होतो. त्याला कायम वेगळा आउटपुट.

पाचही पेडलं विकून मल्टी-इफेक्ट, म्हणजे सगळे इफेक्ट एकाच डब्यात असलेलं यंत्र, घ्या, असं सांगणारे भेटतील. झूमचे छोटे मल्टी-इफेक्ट ५०० मिलिअँपिअरच्या एका एडी-१६ अ‍ॅडॉप्टरवर चालतात, पॉवरची कटकट मिटते हे खरं. नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मीही तेच सांगेन. तुमच्याकडे पेडलं जमलेली आहेत आणि ती आवडतात, मग विकू नका.

सेकंडहँड सप्लाय बघत असाल तर गोव्यात बघा, हॉटेलांत वाजवणारे लोक सामान बदलत असतात आणि चोर्ल्याच्या रस्त्यानं जाऊन-येऊन दिवसात काम होतं. निघण्यापूर्वी विकणाऱ्याकडून सप्लायच्या लेबलचा फोटो मागा आणि सोबतचा मूळ अ‍ॅडॉप्टर आहे का ते विचारा. पुष्कळ स्वस्त सप्लायना बाहेरून १८ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लागतो, तो हरवलेला असला तर खानापुरात लगेच दुसरा मिळेल या भरवशावर राहू नका. मल्टीमीटर सोबत न्या, आणि पैसे त्या बीपच्या परीक्षेनंतर द्या.