वाचकांचे प्रश्न : विजापूर, जाणत्या गाईडबरोबर

प्रश्न : एका दिवसात विजापूर होईल का? गाईड घ्यावा का? (एक वाचक, सोलापूर)

होईल, पण आदल्या रात्रीच मुक्कामाला पोचा. सोलापूर जेमतेम शंभर किलोमीटर असलं तरी सकाळी निघालात तर गोलघुमटाची शांत वेळ हातची जाते.

गाईड जरूर घ्या. पर्यटन खात्याचं ओळखपत्र पाहा आणि पैसे, तास, ठिकाणांची नावं आधीच ठरवा. ‘सगळं दाखवतो’ एवढ्यावर निघालात, तर दुपारी उन्हात नेमका इब्राहिम रोजा (इब्राहिम आदिलशहाची कबर) गळतो. क्रम पूर्वेकडून पश्चिमेकडे ठेवा : गोलघुमट, जुम्मा मशीद, बारा कमान, गगन महाल, उपली बुरूज, मुलूख मैदान तोफ, आणि ऊन उतरल्यावर इब्राहिम रोजा. शुक्रवार टाळलेला बरा, कारण दुपारी मशिदीत नमाज असते आणि घुमटासमोरचं संग्रहालय बंद असतं. चपला काढाव्या लागतात आणि दुपारी फरशी भाजते, म्हणून जाड मोजे बरोबर ठेवा.

प्रश्न : गोलघुमटात कुजबुज ऐकू येते म्हणतात. आम्हाला नुसता कल्लोळ ऐकू आला. (एक वाचक, सांगली)

तुम्ही गर्दीच्या वेळी गेला असणार. वरच्या सज्जात हळू बोललेलं भिंतीच्या वळणाला धरून सरकत समोरच्या बाजूला, जवळजवळ 38 मीटरवर, पोचतं. पण तोच घुमट प्रत्येक आवाज अनेकदा परत फेकतो. दहा पोरं एकदम ओरडली की पहिला प्रतिध्वनी विरायच्या आत दुसरे त्यावर चढतात आणि शब्द फुटतात. उघडल्या उघडल्या आत जा. एकाने भिंतीपासून वीतभर अंतरावर, तोंड भिंतीच्या कडेने ठेवून हळू बोलावं. दुसऱ्याने समोर भिंतीला कान लावावा. मध्ये पोकळीकडे तोंड करून बोललेलं वाया जातं. चांगला गाईड कागद फाडून किंवा काडी ओढून दाखवतो, तेवढा आवाजही पुरतो.

प्रश्न : आईचे गुडघे दुखतात. तिने खालीच थांबावं का? (एक वाचक, पुणे)

हो. कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्यांतले जिने अरुंद, पायऱ्या उंच आणि अंधाऱ्या आहेत. उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो. शिवाय या इमारतीचं खरं कसब खालूनच दिसतं. दोन चौकोन एकमेकांवर तिरपे ठेवावेत तशा कमानी छेदतात आणि चौकोनी खोलीतून आठ कोनांची बैठक तयार होते. घुमट भिंतींना बाहेर रेटतो, तर कमानींवरचं आत झुकलेलं बांधकाम तो रेटा तोलतं. म्हणूनच मधे एकही खांब नाही. हे गाईडला बोट दाखवून समजवायला सांगा; बरेच जण ते सोडून रंभा नावाच्या नर्तकीने वरून उडी मारल्याची गोष्ट सांगत बसतात. चौथऱ्यावर दिसतात त्या कबरींच्या नुसत्या खुणा आहेत. हा घुमट ज्याचा, त्या 1656 मध्ये वारलेल्या मुहम्मद आदिलशहाची खरी कबर खालच्या तळघरात आहे.

प्रश्न : अफझलखानाने आपल्या 63 बायका मारल्या, हे खरं का? (एक वाचक, सातारा)

ती लोककथा आहे. ‘साठ कबर’ या ठिकाणी ओळीने मांडलेल्या, सपाट माथ्याच्या कबरी मात्र आहेत आणि तसा माथा बाईची कबर दाखवतो. तेवढ्यावरून कोणी कोणाला का मारलं, हे ठरत नाही. खानाने हयातीतच विजापूरजवळ स्वतःसाठी कबर बांधायला घेतली होती. 1659 मध्ये तो प्रतापगडाच्या पायथ्याशी मारला गेला आणि तिथेच पुरला गेला, त्यामुळे ती रिकामीच राहिली. गाईडला प्रत्येक गोष्टीमागे ‘हे कुठे कोरलेलं आहे?’ असं विचारा. मुलूख मैदान तोफेपाशी त्याचं उत्तर समोरच मिळतं. 1549 मध्ये अहमदनगरला ओतलेल्या या सुमारे 55 टनी तोफेवर, विजापूर जिंकल्यावर औरंगजेबाने आपला लेखही कोरवून घेतला आहे. तो वाचून दाखवणारा गाईड भेटला, तर त्यालाच दिवसभर बरोबर ठेवा.