पतसंस्थेचं कर्ज थांबवा, आधी लॅपटॉपवर लिनक्स चढवा

बार्शीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते एसटीच्या आगारात मेकॅनिक आहेत. मुलगी बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला, बारावीपर्यंत मराठी माध्यम. पुण्यातल्या एका क्लासनं तिला ‘डेव्हऑप्स (म्हणजे सॉफ्टवेअर बनवणं आणि ते चालतं ठेवणं यांची सांगड) आणि कुबरनेटीस’चा सहा महिन्यांचा कोर्स सुचवला आहे. फी ७८ हजार, नोकरीची शंभर टक्के हमी, आणि १५ तारखेच्या आत भरले तर दहा हजार कमी. ‘पतसंस्था कर्ज द्यायला तयार आहे. पण हे कुबरनेटीस म्हणजे नक्की काय, आणि त्यावर पोरीचं पोट चालेल का, एवढं सांगा,’ असं त्यांनी विचारलंय. सोबत क्लासच्या माहितीपत्रकाचा फोटो आहे.

सप्रेम नमस्कार.

फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. त्याच्याकडे येतोच, पण आधी तुमचा पहिला प्रश्न.

तुमच्या आगारात अमुक मार्गावर दिवसाला अमुक फेऱ्या हे ठरलेलं असतं. गाडी वाटेत बंद पडली की वाहतूक नियंत्रक दुसरी गाडी काढतो. प्रवाशाला गाडीच्या नंबराशी देणंघेणं नसतं, त्याला फेरी हवी असते. कुबरनेटीस नियंत्रकाचंच काम करतं, फक्त गाड्यांच्या जागी प्रोग्रॅम असतात. ‘या सेवेच्या तीन प्रती कायम चालू हव्यात’ एवढं एका फाइलमध्ये लिहून द्यायचं. मग एक प्रत मेली तर ते दुसरी उभी करतं, अख्खं मशीन गेलं तर तिथलं काम उरलेल्या मशीनवर हलवतं. असा मशीनचा ताफा म्हणजे क्लस्टर. आणि प्रोग्रॅम त्याला लागणाऱ्या सगळ्या सामानासकट एकत्र बांधला, की कुठल्याही मशीनवर सारखाच चालावा, तो कंटेनर. हे बांधणं २०१३ साली आलेल्या डॉकरमुळे सोपं झालं.

कुबरनेटीस हा ग्रीक शब्द आहे, अर्थ सुकाणू धरणारा. गूगलनं स्वतःच्या ‘बोर्ग’ नावाच्या यंत्रणेच्या अनुभवावरून ते तयार केलं, २०१४ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं आणि पुढच्या वर्षी लिनक्स (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम) फाउंडेशनच्या छत्राखालच्या सीएनसीएफ या संस्थेच्या हवाली केलं. हा इतिहास सांगण्याचं कारण तुमचे ७८ हजार. हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्याची अधिकृत माहितीपुस्तिका फुकट आहे, सरावाची साधनंही बहुतेक फुकट आहेत. क्लासला पैसे द्यायचे ते शिकवण्याचे आणि शिस्तीचे. ती शिकवणी तेवढ्या किमतीची आहे का, एवढंच आपल्याला बघायचंय.

आता तो फोटो. अभ्यासक्रमात ‘डॉकरशिम’ (कुबरनेटीसला डॉकरशी जोडणारा सांधा) आहे आणि ‘पॉड सिक्युरिटी पॉलिसी’ (पॉडच्या सुरक्षेचे नियम; पॉड म्हणजे एक किंवा काही कंटेनरचा गठ्ठा) हीही आहे. पहिली गोष्ट कुबरनेटीसच्या १.२४ या आवृत्तीतून गेली, दुसरी १.२५ मधून. दोन्ही २०२२ साली. वर्षाला साधारण तीन आवृत्त्या निघणाऱ्या विषयात हे म्हणजे भंगारात गेलेल्या गाडीवर तुम्हाला इंजिनाचं ट्रेनिंग देण्यासारखं आहे. ज्या सीकेए (कुबरनेटीस सांभाळणाऱ्यांच्या प्रमाणपत्राची) परीक्षेची तयारी करून घेऊ म्हणतात, तिच्या अभ्यासक्रमात फेब्रुवारी २०२५ मध्ये हेल्म, कस्टमाइझ आणि गेटवे एपीआय हे विषय आले. पत्रकात यातलं एकही नाव नाही. आणि मला सगळ्यात खटकलं ते हे, की लिनक्सला त्यांनी फक्त एक शनिवार-रविवार दिलाय.

कंटेनर ही काही जादूची पेटी नाही. लिनक्सच्या गाभ्यातल्या नेमस्पेस आणि सीग्रुप या दोन सोयींवर ती उभी आहे. एकीमुळे प्रोग्रॅमला आपण एकटेच आहोत असं वाटतं, दुसरीमुळे तो किती मेमरी आणि प्रोसेसर खाईल यावर लगाम राहतो. ज्याला लिनक्सवर डिस्क का भरली, पोर्ट कोणी अडवलाय, नावाचा पत्ता का सापडत नाही हे शोधता येत नाही, तो कुबरनेटीसवर पाठ केलेल्या आज्ञा टाइप करत बसतो आणि पहिल्याच मुलाखतीत उघडा पडतो. असे चांगले हुशार पोरं-पोरी मी पाहिलेत.

म्हणून तुमच्या मुलीसाठी माझा क्रम असा. पहिले दोन महिने फक्त लिनक्स आणि नेटवर्किंग. तिच्याकडे ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे म्हणता, पुरे आहे. विंडोजच्या शेजारी उबुंटू (लिनक्सचाच एक सोपा अवतार) टाकून घ्यावं आणि रोजचं काम तिथेच करावं. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी आवाजात आहेत, तेही विनामूल्य. इंग्रजीची भीती वाटते असं तिनं तुमच्या पत्राखाली पेनानं लिहिलंय, तिला तिथून सुरुवात करू द्या. पुढची तांत्रिक इंग्रजी तशी मर्यादित असते, तेच तेच शे-दोनशे शब्द फिरून येतात.

मग महिनाभर डॉकर. कॉलेजचा प्रोजेक्ट असेलच, तोच कंटेनरमध्ये बसवायचा. डॉकरफाइल (कंटेनर कसा बांधायचा याची कृती) स्वतःच्या हातानं लिहायची, त्यातून तयार होणारा साचा, म्हणजे इमेज, फुगली तर का फुगली ते शोधायचं. रेड हॅटचं पॉडमनही चालेल, आज्ञा जवळपास त्याच आहेत.

त्यानंतर मिनिक्यूब. एकाच लॅपटॉपवर छोटं क्लस्टर उभं करून देणारं हे साधन आहे, दोन प्रोसेसर आणि २ जीबी मेमरीत भागतं. ‘काइंड’ आणि ‘के-थ्री-एस’ ही त्याची भावंडं. लॅपटॉप फारच कुरकुरला तर ‘किलरकोडा’वर ब्राउझरमध्येच सराव करता येतो. आणि इथे तिनं मुद्दाम मोडतोड करावी, हे मी आग्रहानं सांगतो. पॉड उडवायचा आणि तो परत उभा राहताना बघायचा. इमेजच्या नावात चूक करायची. मेमरीची मर्यादा इतकी कमी ठेवायची की प्रोग्रॅम गुदमरून मरेल आणि १३७ हा एक्झिट कोड, म्हणजे प्रोग्रॅम का थांबला याचा आकडा, दिसेल. मग ‘कुबेक्टल डिस्क्राइब’ आणि ‘कुबेक्टल लॉग्ज’ या कुबरनेटीसला विचारायच्या दोन आज्ञांनी कारण शोधायचं. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड ओळखायला तुम्हाला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नसणार.

शिकवणारा माणूस हवाच असेल, तर मुमशाद मन्नमबेत यांचा यूडेमी या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरचा सीकेएचा कोर्स घ्या. सेलमध्ये तो पाचशे रुपयांच्या आसपास मिळतो आणि सोबत सरावाच्या प्रयोगशाळा येतात. केल्सी हायटावर यांचं ‘कुबरनेटीस द हार्ड वे’ फुकट आहे, पण ते आत्ता नको. त्यात क्लस्टरचा एकेक भाग हातानं जोडायचा असतो. सहा महिन्यांनी करावं.

क्लाउडच्या, म्हणजे इंटरनेटवरून भाड्यानं मिळणाऱ्या मशीनच्या, खात्याला मात्र तुमचं क्रेडिट कार्ड जोडू नका. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलानं सरावासाठी क्लाउडवर क्लस्टर उभं केलं आणि सुट्टीला गावी गेला. नुसत्या नियंत्रणाचे तासाला १० सेंट, म्हणजे महिन्याचे ७२ डॉलर, त्यावर मशीनचं भाडं वेगळं. बिल बघून त्याच्या वडिलांनी मलाच फोन केला होता.

सीकेए परीक्षा चांगली आहे. दोन तास खऱ्या क्लस्टरवर काम करून दाखवावं लागतं, पर्यायावर टिक करून सुटका नाही. अधिकृत माहितीपुस्तिका उघडी ठेवता येते, उत्तीर्ण व्हायला ६६ टक्के लागतात, नापास झालं तर एक संधी त्याच फीत मिळते. पण फी चारशे डॉलरच्या वर आहे आणि प्रमाणपत्र दोनच वर्षं टिकतं. नोकरी लागण्याआधी घाईनं दिली तर ते घरातच शिळं होईल. पुष्कळ कंपन्या ही फी कर्मचाऱ्याला भरून देतात.

पोटाचा प्रश्न राहिला. हो, चालेल. पण शिक्षण संपल्या संपल्या कोणी नवख्या पोरीच्या हाती चालतं क्लस्टर देत नाही, तुम्हीही नव्या शिकाऊला पहिल्या दिवशी ब्रेकला हात लावू देत नसाल. सुरुवात बहुधा लिनक्स सपोर्टला, रात्रपाळीच्या देखरेखीला किंवा साध्या प्रोग्रॅमिंगला होते आणि वर्ष-दोन वर्षांत माणूस कंपनीतल्या कंपनीत क्लस्टरच्या कामाकडे सरकतो. पगार सुरुवातीला बेताचाच असेल, हे घरी आधीच बोलून ठेवा.

‘शंभर टक्के हमी’बद्दल क्लासला लेखी विचारा: कुठलं पद, किमान पगार किती, आणि नोकरी न लागल्यास पूर्ण फी परत कधी. तोंडी उत्तर धरू नका.

१५ तारीख जाऊ द्या. सवलतीची तारीख पुढच्या महिन्यातही येते. चार महिने तिनं घरी करून पाहावं. त्यानंतर तिला रस वाटला, आणि एकटीनं पुढं जाणं जड वाटलं, तर क्लास शोधू, पण ताज्या अभ्यासक्रमाचा. तोपर्यंत तिनं स्वतः मला एक पत्र लिहावं: कुठला पॉड पडला, का पडला, आणि कसा उठवला. मराठीत लिहिलं तरी चालेल.