जोते निघाल्याशिवाय नाही

प्रिय मित्रा,

तुझे पत्र वाचून आधी चिडलो, मग तुझी अडचण समजली. राखीव क्षेत्रातल्या जुन्या इमारती पाडायला मंजुरी मिळाली आहे, पण निधी अपुरा असल्याने भिंती तेवढ्या उतरवाव्यात, जोत्यावर, म्हणजे इमारतीच्या पक्क्या चौथऱ्यावर, मातीचा भराव घालावा आणि वर रोपे लावावीत, असे ठेकेदार सुचवतो. त्यात गैर काय, असे तू विचारतोस. जोते निघाल्याशिवाय इमारत निघाली असे म्हणूच नये.

कोब्यावर टाकलेल्या हातभर मातीत पहिल्या पावसाबरोबर गवत जोमाने उगवते आणि छायाचित्रापुरते ते पुरतेही. परंतु झाडांची मुळे कोब्याला अडून आडवी पसरतात, पाणी मुरायला वाट उरत नाही आणि पाऊस सरला की तोच तुकडा सर्वांत आधी करपतो. सिमेंट-चुन्याचा राडारोडा तिथेच पुरलास तर माती अल्कधर्मी होते, आणि आम्लधर्मी जमिनीला सरावलेल्या मूळच्या वनस्पती तिथे तग धरत नाहीत. नळांच्या चरांकडे तर कोणी पाहतही नाही. नळाखाली अंथरलेली खडी, नळ बंद झाल्यावरही, भोवतालचे पाणी उताराकडे ओढून नेत राहते. सेप्टिक टँक उपसून, फोडून, भरून घेतली नाही तर तिचे झाकण पुढे कोणाच्या तरी पायाखाली खचेल.

अमेरिकेतल्या सेक्वोया राष्ट्रीय उद्यानात जायंट फॉरेस्ट या महाकाय सेक्वोया वृक्षांच्या वनातून २८२ इमारती काढून टाकल्या, त्यांच्यासोबत २४ एकर डांबर, मैलापाण्याचे नळ आणि जमिनीखालच्या इंधनटाक्याही उपसून काढल्या. ही वस्ती हटवावी असा आग्रह उद्यानाचे अधीक्षक जॉन व्हाइट यांनी कित्येक दशके आधीच धरला होता. मोठे पाडकाम मात्र १९९०च्या दशकाच्या अखेरीस झाले. १९२८ची बाजाराची इमारत संग्रहालयासाठी ठेवली, आणि तेही ठीकच. ठेवायची असेल तर उघडपणे ठेवावी. अर्धी पुरून पाडल्याचा आव आणू नये.

मला बैठकांमध्ये हेकट म्हणत. जोते काढण्यावर अडून बसल्यामुळे काही चांगले सहकारी दुरावले, याची रुखरुख अजून आहे. पण रोपे वाळली की हेच लोक रोपवाटिकेला दोष देत; मग मी तरी गप्प का बसायचे होते?

छताचे जुने सिमेंटचे पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे असू शकतात. तपासणीआधी ते फोडू देऊ नकोस. माळ्यावर वटवाघळांची पिल्ले असतील तर ती उडती होईपर्यंत थांब. ओल्या मातीवर पोकलेन फिरवलास तर ती आणखी दबेल, म्हणून खोदकाम कोरड्या दिवसांतच कर.

आता ठेकेदाराकडून नवे दर माग. जोते, नळ, टाकी आणि राडारोड्याची वाहतूक या बाबी स्वतंत्र लिहून घे, नाहीतर त्या ‘इतर कामे’ या एका ओळीत गडप होतात. पैसे पुरत नसतील तर यंदा कमी इमारती घे, पण घेशील त्या जोत्यासकट काढ. सुधारित अंदाजपत्रक माझ्याकडे पाठव. जोत्याची रक्कम मी सर्वांत आधी पाहणार आहे.

तुझा,
एक जुना सहकारी