पैसे मंडळाचे, पण ठरवायचं कोणी?

प्रश्न : ताई, दांडिया बाजारात आमचं महिला मंडळ आहे, यंदा हळदीकुंकवाचं वाण बंद ठेवलं त्याचे न आधीचे मिळून तीसेक हजार जमलेत. एका मैत्रिणीकडून कळलं की दाऊदी बोहरा मुसलमानांमध्ये मुलगी सातेक वर्षांची झाली की तिचा खतना करतात, म्हणजे गुप्तांगाचा थोडा भाग कापतात, आणि त्यांच्यातल्याच काही बायका ते थांबवायला गुपचूप धडपडताहेत. आमच्यात पोस्टर छापा, व्याख्यान ठेवा असं चाललंय. अमेरिकेतला भाचाही पैसे पाठवतो म्हणतोय. कसं करावं? – एक वाचक, बडोदं

उत्तर : पोस्टर नको बाई, खरंच नको. आपण बाहेरच्यांनी जाऊन "तुमच्यात हे चालतं" म्हटलं की पहिली बोलणी बसतात ती त्याच बायकांना, आणि जमातीबाहेर टाकलं जायची भीती त्यांना आहे, आपल्याला नाही. म्हणून पैसे द्या पण कोणाला किती ते त्यांनाच ठरवू द्या. पाच जणींची कमिटी करा, चौघी त्यांच्यातल्या, ज्यांचं स्वतःचं झालंय किंवा ज्यांनी मुलीचं होऊ दिलं नाही अशा, तुमची एकच न तीही हिशोबापुरती. जिचा अर्ज असेल तिने त्या दिवशी मत द्यायचं नाही. अर्ज गुजरातीत व्हॉइस नोटवर आला तरी चालेल.

खर्चही साधेच येतील बघा, रिक्षाभाडं, काउन्सेलरची फी, एखाद्या लेडी डॉक्टरला घरी बोलावून आया न आज्यांशी बोलणं. आज्या महत्त्वाच्या, कारण पुष्कळदा नातीला घेऊन जाणारी आजी किंवा मावशीच असते. हल्ली दवाखान्यात करतात म्हणून सेफ असं कोणी म्हणालं तर सांगा, डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना, डॉक्टरने केलेलंही मान्य करत नाही. खतन्याविरुद्ध काम करणाऱ्या 'साहियो' या संस्थेचं 'थाल पे चर्चा' आहे ना, बायका एका थाळाभोवती जेवायला बसतात न बोलता बोलता विषय निघतो, तसल्या जेवणाचं बिल आलं तर कुरकुर करू नका, तेच खरं काम आहे.

रिपोर्टमध्ये फोटो न नावं मागायची नाहीत. "किती मुली वाचवल्या" हेही नको, तो आकडा कोणाकडेच नसतो, मागितलात की कोणीतरी बनवून देईल.

कायद्याची वाट बघत बसायचं म्हणाल तर आपल्याकडे यावर खास कायदाच नाही, सुप्रीम कोर्टात २०१७ ला याचिका झाली, २०१८ ला पाच जजच्या बेंचकडे पाठवली.

आता भाचा. त्याचा पासपोर्ट भारतीय असेल न स्वतःच्या कमाईतले पैसे बँकेतून पाठवत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण अमेरिकन सिटिझन झाला असेल तर धरतात, मग एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी किंवा सरकारची आधी घेतलेली परवानगी नसताना मंडळाला एक रुपयाही घेता येत नाही. दुसऱ्या नोंदणीवाल्या संस्थेकडून फिरवून घेऊ म्हणाल तर २०२० च्या दुरुस्तीपासून तेही बंद आहे, आलेली परदेशी देणगी पुढे कोणाला देता येत नाही. तेव्हा आधी भाच्याला पासपोर्टचं विचारा, तोवर तीस हजारावर सुरू करा.