गोठ्यातील पहिली छायाचित्रे

आटपाडीच्या आपल्या गोठ्यातील जनावरे टिपण्याचा तुमचा विचार असेल, तर पहिले काही दिवस कॅमेरा गळ्यात नुसता अडकवून वैरण टाकावी, शेण काढावे, म्हणजे जनावरे त्या वस्तूला सरावतील. धारेच्या वेळी मात्र तिकडे फिरकू नये; म्हैस बुजली की पान्हा चोरते आणि मग घरच्यांची बोलणी खावी लागतात, हे मी अनुभवाने सांगतो.

खरी अडचण रंगाची आहे. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे सारे मध्यम करडे धरून चालतो. त्यामुळे चौकट भरून पांढरा खिलार बैल घेतला तर तो मळकट येतो आणि म्हैस घेतली तर ती फिकट, राखाडी दिसते. म्हणून बैलासाठी एक्स्पोजर, म्हणजे चित्राला मिळणारा प्रकाश, अर्ध्या ते एक स्टॉपने वाढवावे (एक स्टॉप वाढवणे म्हणजे प्रकाश दुप्पट करणे), म्हशीसाठी तेवढेच उतरवावे. भर उन्हात मात्र बैलाच्या पाठीवरचा तपशील उडत नाही ना, हे तपासावे. उड्या मारणाऱ्या वासरासाठी शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवावे. माडग्याळी मेंढीचे बाकदार नाक बाजूने, तिच्या डोळ्यांच्या पातळीला बसून घेतले तरच उठून दिसते. फ्लॅश गोठ्यात नकोच. आषाढातील बेंदराला शिंगे रंगवण्याआधी, बैल धुताना पोहोचावे. मिरवणुकीपेक्षा ती वेळ मला अधिक आवडते.